चौकटीबाहेरची बोटे

आमच्या दादीचा एकच फोटो आहे आणि तोही तिने खुशीने काढू दिलेला नाही. शेषनसाहेबांच्या काळात, म्हणजे १९९३ नंतर, मतदारांना फोटोचे ओळखपत्र देण्याची मोहीम निघाली. आमच्या निमगाव केतकीतही शाळेच्या एका खोलीत कॅमेरा येऊन बसला. दादीने सत्तर वर्षांत कॅमेऱ्यासमोर तोंड केलेले नव्हते. "मेरेकू नको फोटू. कयामत के दिन जवाब कौन देगा?" असे म्हणून ती चुलीपाशी बसून राहिली. शेवटी कोणीतरी तिला भीती घातली, की ओळखपत्र नसेल तर रेशनही बंद होईल. तेव्हा ती उठली, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला आणि शाळेत जाऊन आली. तो फोटो बोटाच्या पेरापेक्षा फार मोठा नाही. मागे पांढरी चादर धरलेली आहे आणि चादरीच्या कडेला कोणाची तरी दोन बोटे दिसतात.

ती गेल्यानंतर घरात तिची दुसरी कसलीच खूण राहिली नाही. मी तो फोटो बारामतीला नेला आणि मोठा करून आणला. फोटोवाल्याने मोठ्या सफाईने ती दोन बोटे काढून टाकली होती. मला ते काम आवडले. मी त्याला वर दहा रुपये जास्त दिले. या दहा रुपयांची आठवण पुढे येणार आहे.

आपल्याकडे तसवीर हा विषय निघाला, की वाद एकाच फाट्यावर येऊन थांबतो. जायज की नाजायज? तसवीर बनवणाऱ्याला कयामतच्या दिवशी तिच्यात जीव ओतायला सांगितले जाईल, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. दुसऱ्या बाजूने, इजिप्तचे मुफ्ती राहिलेले शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच असे मांडले होते, की फोटो काढणारा काही घडवत नाही. आरशात पडावी तशी सावली पडते, ती तो फक्त धरून ठेवतो. पुढे हजच्या पासपोर्टाला फोटो लागू लागला आणि वाद व्यवहारापुरता मिटला. आज ज्यांच्या तोंडून आपण मनाई ऐकली, त्यांचीही बयाने चित्रफितींतून घरोघर पोहोचतात. मी त्यांना हसत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की हो-नाहीच्या या वादात एक प्रश्न तसाच पडून राहिला. फोटो काढणे चालते असे मानले, तर ज्याचा फोटो काढला त्याचे माझ्याकडे काही देणे निघते की नाही?

जलशांमधून आपण अभिमानाने सांगतो, की बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसमने सुमारे १००० वर्षांपूर्वी अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या उजेडाचा अभ्यास केला. ते खरेच आहे. त्यांच्या 'किताब अल-मनाज़िर' या ग्रंथाचा मुख्य मुद्दा असा, की पाहताना डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, वस्तूवरून निघालेला उजेड डोळ्यात येतो. म्हणजे पाहणे हे घेणे आहे. समोरच्याकडून काहीतरी आपल्याकडे येते. घेतलेल्या वस्तूचा हिशेब असतो, हे मात्र आपण जलशात सांगत नाही.

हा विचार माझ्या डोक्यात शिरला तो एका जुन्या कॅमेऱ्यामुळे. पुण्यात संगणकाच्या नोकरीत असलेल्या भाच्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना माझ्या निवृत्तीच्या वेळी मला दिला. हा एप्सनचा 'आर-डी१'. २००४ साली हा बाजारात आला, तेव्हा जगातला पहिला डिजिटल रेंजफाइंडर होता. याच्यात चित्राचे ठिपके जेमतेम ६१ लाख. आज कोणाच्याही खिशातला मोबाईल याच्या कितीतरी पट जास्त ठिपके मोजतो. याला २ जीबीपेक्षा मोठे कार्ड चालत नाही. डिजिटल असूनही प्रत्येक फोटोआधी अंगठ्याने खटका ओढावा लागतो, जुन्या रिळाच्या कॅमेऱ्यासारखा. वरच्या बाजूला घड्याळासारखी तबकडी आहे आणि किती फोटो उरले ते तिचा काटा दाखवतो. मागचा पडदा उलटा फिरवून झाकून टाकता येतो, म्हणजे काढलेला फोटो लगेच बघायचा मोहही राहत नाही.

पण खरी गोष्ट याच्या खिडकीत आहे. मोबाईलमध्ये किंवा पेपरवाल्यांच्या मोठ्या कॅमेऱ्यात आपण भिंगातून बघतो. भिंगाला जेवढे दिसते तेवढेच आपल्याला दिसते, बाकीचे जग त्या क्षणी नसते. रेंजफाइंडरमध्ये भिंगातून बघायचेच नसते. शेजारी एक साधी काचेची खिडकी असते आणि तिच्यात पांढऱ्या रेघांची चौकट तरंगते. मधोमध एका लहानशा तुकड्यात समोरचा माणूस दोनदा दिसतो, एकावर एक न बसलेला. भिंगाचे कडे फिरवत दोन्ही आकृत्या एकजीव केल्या, की अंतर बरोबर जुळले. या कॅमेऱ्यात तर खिडकीतले जग लहान-मोठे न होता जसेच्या तसे दिसते, त्यामुळे दुसरा डोळा उघडा ठेवता येतो. रेघांच्या आत फोटो. रेघांच्या बाहेर गाव. आणि दोन्ही एकाच वेळी दिसत राहतात.

भिंगातून बघत नसल्यामुळे एक गंमतही होते. भिंगावरचे झाकण तसेच राहिले, तरी खिडकीत सगळे लख्ख दिसते. पहिल्या दिवशी मी पानमळ्यात जाऊन चाळीस फोटो काढले आणि घरी येऊन बघतो तर सगळे काळे. नातू म्हणाला, "दादा, तुमी कॅमेऱ्याला टोपी घालून फोटू काढले." आम्ही खूप हसलो. टोपीमुळे फोटोत काय काय दिसेनासे होते, याचा दुसरा धडा मात्र हसण्यासारखा नव्हता.

संत तुकाराम महाराजांची पालखी आमच्या गावाला मुक्कामाला येते. सणसरहून निघते, बेलवाडीला घोड्याचे रिंगण होते आणि अंथुर्णेमार्गे निमगाव केतकी. देहूहून निघताना तिची पहिली आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होते, हे आम्हाला शाळेत कोणी शिकवावे लागले नाही. आम्ही जातीने तांबोळी. गाव विड्याच्या पानांचे. माळ्याने पान पिकवायचे आणि तांबोळ्याने विकायचे, असा आमचा दोन-तीन पिढ्यांचा संबंध. आमच्या शेजारच्या मळ्यातले तात्या आणि माझे अब्बा एकाच पाट्यावर हिशेब लिहीत. वारीच्या दिवशी रस्त्याकडेला पाण्याची टाकी उभी करायची हेही तसेच, दोघांचे. पाणी तात्यांच्या विहिरीचे, टाकी आणि पेले आमचे, हात गल्लीतल्या पोरांचे. जूनअखेरीस आमच्या इंदापूर तालुक्यात विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि पानवेलीला तर पाण्याचा खाडा चालत नाही. अशा दिवसांत मळ्याचे पाणी तोडून रस्त्यावर आणणे म्हणजे काय, हे शेतकऱ्यालाच कळेल.

करोनामुळे २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे पायी वारी झाली नाही. २०२२ साली ती पुन्हा निघाली, तेव्हा गावाच्या अंगात आले होते. त्यातच त्या वर्षी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी, १० जुलैला आली होती. तेव्हा वर्तमानपत्रांना ऐक्याची बातमी हवी होती. एका वार्ताहर मित्राने मला सकाळीच सांगून ठेवले, "सर, तुमच्या पोरांचा पाणी देतानाचा एक फोटो द्या. फक्त तेवढं टोपीचं बघा. नाहीतर कळायचं कसं?"

मला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट मनातून बरेच वाटले. रोज आमच्याविषयी जे छापून येते त्यात एक दिवस चांगले छापून येईल, असा साधा लोभ होता. पोरे उन्हात, घामाने भिजलेली, बोडकी उभी होती. मी एकाला म्हणालो, "जा बेटा, घरून टोप्या घेऊन ये." तो पळत गेला आणि पाच टोप्या घेऊन आला. मग मी खिडकीला डोळा लावला. रेघांच्या आत टोपीवाला पोरगा, त्याच्या हातातला पेला आणि तुळशीची माळ घातलेले एक वारकरी बाबा. रेघांच्या बाहेर, डाव्या हाताला, तात्या टाकीत पाण्याचा पाईप धरून उभे होते. मला ते दोन्ही डोळ्यांनी दिसत होते. फोटो साफ यावा म्हणून मी अर्धे पाऊल उजवीकडे सरकलो आणि खटका दाबला.

या जातीच्या कॅमेऱ्याचा आणखी एक स्वभाव आहे. त्याच्या रेघा जवळच्या अंतराला बेतलेल्या असतात, म्हणून दूरच्या फोटोत रेघांच्या बाहेरचेही थोडे येते. जो बाहेर ठेवला तो कडेने आत येतो. घरी पाहिले तर डाव्या कडेला तात्यांचा मनगटापर्यंतचा हात आणि पाईप आलाच होता. मी फोटो तसाच पाठवला. छापून आला तेव्हा हात कापलेला होता. वर मथळा होता, मुस्लिम बांधवांनी वारकऱ्यांची तहान भागवली.

गल्लीत आनंद झाला. कात्रण मोबाईलवरून सगळीकडे गेले. संध्याकाळी तात्यांचा मुलगा चौकात भेटला आणि हसत म्हणाला, "गुरुजी, पाणी आमचं आन् फोटू तुमचा, व्हय?" तो हसत होता म्हणूनच मला लागले. त्याच रात्री टोप्या आणणारा पोरगा घरी आला आणि अगदी निरागसपणे विचारू लागला, "चाचा, पुढच्या साली बी टोपी घालूनच पाणी द्यायचं का?"

दुसऱ्या दिवशी मी मळ्यात गेलो. तात्या शिडीवर चढून पाने खुडत होते. मी खालूनच माफीचे बोलायला लागलो, तुमचा हात कापला गेला, माझी चूक झाली वगैरे. ते खाली उतरले, पाने टोपलीत ठेवली आणि म्हणाले, "गुरुजी, माझ्या हाताचं सोडा. म्या काय फोटूसाठी पाणी दिलं व्हतं? पर एक सांगतो. पाणी कुनी दिलं? गावानं वारीला दिलं. मग त्यात 'मुस्लिम बांधव' कुठनं आलं? तुमची पोरं गावात न्हाईत का?"

मी तीस वर्षे मराठी शिकवली, पण माझ्या फोटोचा अर्थ मला शिडीवरून उतरलेल्या माणसाने सांगितला. मी समजत होतो, चौकटीबाहेर तात्या गेले. गेलो होतो आम्हीच. टोपी घालून ज्यांना मी रेघांच्या आत आणले, तेच गावाबाहेर उभे राहिले होते आणि गावाला पाणी देऊन चांगुलपणाचा दाखला मागत होते. आदल्या दिवशीपर्यंत ती गल्लीतली पोरे होती. फोटोने त्यांना बांधव केले. ज्यांना घरचे समजतात, त्यांना कोणी बांधव म्हणून हाक मारत नाही.

आणि तरी तो फोटो खोटा नव्हता. पोराने पाणी दिले होते, बाबांनी घेतले होते, टोपी त्याची स्वतःची होती. हीच तर अडचण आहे. खोट्याला आपण ओळखतो, पण खऱ्याचे काय करायचे?

इथे मला आपल्याच परंपरेतला एक शब्द कामाला आला. गीबत. पाठीमागे कोणाविषयी असे बोलणे, जे त्याने ऐकले तर त्याला दुःख होईल. हजरत पैगंबरांना विचारले गेले, की बोललेले खरे असेल तर? उत्तराचा आशय असा, की खरे असेल तरच ती गीबत, खोटे असेल तर तो त्याहून वेगळा गुन्हा, बोहतान. आणि कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये एकाच आयतीत तीन गोष्टींना मनाई आहे, फाजील संशय, टेहळणी आणि गीबत. म्हणजे खरेपणा ही सुटका नाही. हा नियम जिभेला लागू आहे, तर भिंगाला का नसावा? माणूस ज्या क्षणी सर्वांत हतबल, ओंगळ किंवा हास्यास्पद दिसतो तो क्षण खराच असतो. तो त्याच्या पाठीमागे जगभर फिरवणे ही डोळ्यांनी केलेली गीबतच म्हणायची.

याचे उदाहरण आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. मार्च २००२ मध्ये अहमदाबादच्या एका शिंप्याचा, हात जोडून जीव वाचवा म्हणून विनवतानाचा फोटो एका वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकाराने काढला. तो जगभर छापला गेला. गुजरातेत काय घडत होते, हे हजार अग्रलेखांनी सांगितले नसते ते त्या डोळ्यांनी सांगितले. पण त्या शिंप्याला नंतर त्याच चेहऱ्याने जगायचे होते. तो आपल्या महाराष्ट्रात मालेगावला आला, तर तिथेही चेहरा ओळखला गेला आणि काम सुटले. पुढे कोलकात्याला गेला, पुन्हा अहमदाबादला परतला. निवडणुकांच्या भित्तिपत्रकांवर त्याचे जोडलेले हात छापले गेले आणि माझा फोटो वापरू नका, असे त्याला पुन्हा पुन्हा सांगावे लागले. दहा वर्षांनी, २०१२ साली, तो आणि छायाचित्रकार समोरासमोर भेटले, तेव्हा छायाचित्रकाराने त्याची माफी मागितली. मी त्याचे नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. वाचकांना ते माहीत आहे आणि तेच तर त्याचे दुःख आहे.

कोणी म्हणेल, मग काय तो फोटो काढायचाच नव्हता? प्रत्येकाची परवानगी घेत बसलो, तर जुलमाचा पुरावा कधीच राहणार नाही. लाठी उगारणारा थोडाच परवानगी देणार आहे? हा आक्षेप मला खोडता येत नाही आणि खोडायचाही नाही. गीबतीच्या नियमालाही हा अपवाद आहे. ज्याच्यावर जुलूम झाला त्याला जालिमाविषयी उघडपणे गाऱ्हाणे करण्याची मुभा आहे. पण मुभा कोणाला आहे ते नीट बघावे. ती मजलूमाला आहे. गाऱ्हाणे त्याचे आहे, मी फक्त त्याचा अर्ज लिहून देणारा. अर्ज लिहून देणारा अर्जाचा मालक होत नाही. तो अर्ज कुठे द्यायचा, किती वेळा वाचून दाखवायचा आणि कधी बंद करायचा, हे ज्याचे दुःख त्याने ठरवायचे. अहमदाबादचा फोटो काढणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. तो ज्याचा होता त्याच्या हातात तो कधी आलाच नाही, एवढे म्हणेन. आपल्या भाषेत याला अमानत म्हणतात. ठेवायला दिलेली वस्तू वापरता येत नाही, असे नाही. पण ती आपली होत नाही.

आता कॅमेऱ्याविषयी. हा जुना कॅमेरा माणसाला सज्जन करतो, असे मी सांगायला लागलो तर तात्यांचा मुलगा पुन्हा हसेल. याच कॅमेऱ्याने, दोन्ही डोळे उघडे ठेवून, मी त्याच्या बापाला बाहेर ठेवले होते. हत्याराला ईमान नसते. फरक एवढाच, की याच्या खिडकीत मला मी काय सोडतो आहे ते दिसत होते. 'मला माहीत नव्हते' असे म्हणायची सोय या कॅमेऱ्याने ठेवली नाही. मोबाईलने काढला असता तर तात्या दिसलेच नाहीत, असे मी स्वतःलाही पटवले असते. दुसरा फरक वेळेचा. याचे फोटो काढल्या जागेवरून कोणाला पाठवता येत नाहीत. संगणकावर घ्यावे लागतात, बारामतीला जाऊन छापावे लागतात. यात दोन-चार दिवस जातात. त्या दिवसांत लोभ थोडा निवतो आणि ज्याचा फोटो आहे त्याचे तोंड आठवते.

२०२३ पासून मी एक साधी रीत धरली आहे. छापलेला फोटो आधी ज्याचा त्याला दाखवायचा आणि त्याने मान हलवली तरच पुढे. यात नुकसान होते. वारीत थकून आमच्या ओट्यावर टेकलेल्या एका बाईचा फोटो माझ्या हातून फार चांगला आला होता, इतका चांगला पुन्हा येणार नाही. तिचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून तो आजवर पेटीत आहे. भाचा म्हणतो, "मामू, ती कशाला बघायला येतेय?" ती बघणार नाही, हे मलाही माहीत आहे. म्हणून तर विचारायला हवे होते.

आमच्या टाकीपाशी आता टोप्या आणवल्या जात नाहीत. ज्याच्या डोक्यावर असते त्याच्या असते. २०२२ चा तो फोटो मी न कापता छापून तात्यांना दिला. त्यांनी चष्मा लावून कडेपासून कडेपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "पाईप मातुर माझाच हाय." तो त्यांच्या पडवीत, विठोबाच्या तसबिरीखाली, खिळ्याला अडकवलेला आहे.

त्याच सुमारास मी दादीचे ओळखपत्र पेटीतून काढले आणि अम्मीला विचारले, ही दोन बोटे कोणाची? अम्मी आता ऐंशीच्या पुढे आहे. तिने ओळखपत्र डोळ्यांजवळ नेले आणि म्हणाली, "मेरीच हैं. चादर मैंच पकडी थी ना. सासूबाईकू अकेली कैसी भेजती?" दादी कॅमेऱ्याला घाबरली होती आणि मागे सून उभी आहे एवढ्या आधारावर तिने तोंड वर केले होते. त्या बोटांशिवाय तो फोटो झालाच नसता. आणि ती बोटे पुसून दिली म्हणून मी दहा रुपये जास्त दिले होते.

मी पुन्हा बारामतीला गेलो आणि फोटो पहिल्यासारखा करून आणला. आता तो बोटांसकट भिंतीवर आहे.